जोडा जमिनीला लागणार नाही

११ ऑगस्ट १९९६, नांदेड, दवाखाना

मद्रासहून आणल्याला आज तिसरा दिवस. एकट्यानं बसायच्या त्या छोट्या शर्यतीच्या गाडीत पाय पुढे, पार तिच्या नाकापर्यंत असतात. गाडी भिंतीवर गेली की आधी पाय जातात. माहीत होतं. माहीत असून चार वर्षं बसलो.

डावा पाय. डॉक्टर म्हणतात घोट्याच्या वर कापावा लागेल. म्हटलं, दोन दिवस थांबा. थांबून काय होईल, म्हणाले.

माहूरकडे तोंड करता येत नाही, पलंग उलटा आहे. तसंच मनात बोललो. रेणुकामाय, पाय ठेव. तुझ्या नवरात्रात नऊ दिवस तो जमिनीवर उघडाच टेकवीन, जिवंत आहे तोवर. जास्त बोललो नाही. देवाशी घासाघीस करू नये.

घटस्थापना १९९६, आखाडा बाळापूर

पाय राहिला. काठी घेऊन अनवाणी मारुतीच्या पारापर्यंत. खडा टोचला. टोचलेलं कळलं म्हणून रस्त्यातच उभा राहून रडलो. शांता, बायको, म्हणाली, लोक बघून राहिले. बघू दे.

७ मार्च १९९९

एकट्याच्या गाडीत आता कोणी बसवत नाही. वर्गीस साहेबांनी, कोइमतूरचे, त्यांचा संघ आहे, लांब पल्ल्याच्या शर्यतीला घेतलं. सहा तास, बंद गाडी, एक गाडी आणि तीन ड्रायव्हर आळीपाळीनं. आज तिसरे आलो. गाडीवर ओरखडा नाही.

छोट्या गाडीत पहिल्याच वळणावर सगळ्यांना सगळं पाहिजे असतं. इथं गाडी जपायची आणि दुसऱ्याच्या हाती द्यायची. मला हे जास्त पटतं. पटायला आधी पाय मोडावा लागला, हे खरं.

५ सप्टेंबर २००४

वर्गीस साहेबांचा फोन. शर्यत १७ ऑक्टोबरला, रविवार. भिंतीवरचं कॅलेंडर पाहिलं. चौथी माळ.

इतक्या वर्षांत अशी तारीख आली नव्हती. शर्यतीत जोडा सक्तीचा, आग लागली तर पाय वाचावा म्हणून. नियम बरोबर आहे, त्याला नावं ठेवत नाही.

साहेबांना नवसाचं सांगितलं. म्हणाले, इस बार रोहन बैठ जाएगा, आप आराम करो. रोहन त्यांचा भाचा, बावीसेक वर्षांचा, हात चांगला. पुढच्या वर्षी मला पन्नास. या वयात एकदा आराम केला की परत कोणी उठवायला येत नाही.

म्हटलं, बैठूँगा मैं ही. नवस भी रहेगा.

फोन ठेवला. कसं जमवायचं ते मलाच माहीत नाही.

८ सप्टेंबर

गुरुजींकडे गेलो. म्हणाले, माय आहे ती, माफ करील. जोडा घाला, दसऱ्याला ओटी भरा. पण मी माफीचं विचारायला गेलोच नव्हतो. तिनं पाय पूर्ण ठेवला. मी माझं बोलणं अर्धं कसं ठेवू?

शांताचं निराळंच. "देवी तुमच्यायेवढी हट्टी न्हाई." असेल.

१२ सप्टेंबर

गुलाब, तांड्यावरचा, गॅरेजात माझा भागीदार. हळद पॉलिश करायचा ड्रम दुरुस्तीला आलाय, त्याला वेल्डिंग करता करता बोलला, "दादा, जोडा जमिनीला लागू द्यायचा न्हाई, येवढंच ना? मंग आमी उचलतो की."

हसलो. मग हसू थांबलं.

ड्रायव्हर बदलताना गाडी आत येऊन थांबते, एक उतरतो, दुसरा शिरतो. त्या चार पावलांपुरताच तर प्रश्न आहे. जोडा आत बसून चढवायला तिथं वेळ नाही; उचलून आत बसवलं की झालं, उतरताना पुन्हा तसंच.

शांता म्हणाली, "अन् गाडी काय आभाळात चालती?" म्हटलं, जमिनीला चाक लागतं, माझा पाय नाही. म्हणाली, वकील काहून न्हाई झाले तुमी?

पळवाट आहे का ही? जपाला बसलो तेव्हा हेच डोक्यात. जे बोललो त्यातलं काही मोडत नाही. आणि मायनं पाय ठेवला तो ओट्यावर बसायला ठेवला नसेल.

१९ सप्टेंबर

अंगणात सराव. जुन्या जीपच्या दारात लोखंडी पाइप आडवा जोडला, शर्यतीच्या गाडीत असतो तसा. गुलाब आणि त्याचा भाऊ हिरा हातांची गुंफण करतात, मी वर बसतो. आधी पाय आत, मग बाकीचा. पहिल्यांदा डोकं आपटलं. मग हिराचा हात सुटला, तिघंही मातीत.

कुंपणाला माणसं लागलेली. शेजारचे मारोतराव तंबाखू मळत, "नवरदेव लई जड दिसून राहिला. नवरीकडचे कुठं हायत?" मागून कोणी, शर्यती करून करून याचे पाय जमिनीवर न्हाई राहिले. गुलाब म्हणाला, तेच तर करून राहिलो, काका.

दिवस कलेपर्यंत जमलं. त्यानंतर एकदाही पडलो नाही. मारोतराव गेले नव्हते. जाताना म्हणाले, डावीकडचा गडी थोडा वाकव.

१३ ऑक्टोबर

चपला उंबऱ्याशी सोडल्या. नांदेडहून रेल्वे, गुलाब आणि हिरा बरोबर. उद्या घट शांता एकटीच बसवेल. निघताना तिनं डाव्या पायाला तेल चोळून दिलं.

१५ ऑक्टोबर, चेन्नई

ट्रॅकवरचं सिमेंट तव्यासारखं. सकाळपासून तळवे भाजताहेत. बरं आहे. नवस फुकट नको.

शर्यतीच्या मुख्य अधिकाऱ्यांपुढे उभं केलं. वयस्क माणूस. नियमांचं पुस्तक चाळून झालं. ड्रायव्हरला उचलून नेऊ नये असं त्यात कुठंच नाही, कारण असं कोणी विचारलंच नव्हतं. उचलायचं कशाला, म्हणाले. व. साहेब इंग्रजीत सांगायला लागले, मीच मध्ये बोललो. "पाँव माँगा था, साब. मिला. अब बात निभाता हूँ."

पायावरच्या शिवणीकडे बराच वेळ पाहिलं त्यांनी. मग म्हणाले, ठरलं. तुमची पाळी येईल तेव्हा मी स्वतः उभा राहीन. कोणी पडलं, धडपडलं, तर तिथंच थांबवीन. दुसरा ड्रायव्हर बसेल.

म्हणजे रोहन.

१६ ऑक्टोबर

सराव. दुसऱ्या संघाची पोरं मजा बघायला आली. एकानं दुसऱ्याला पाठुंगळी घेऊन नक्कल केली, शिट्ट्या. हिरा चिडला, त्याला आवरलं. मला राग आला का? आला. थोडा राग गाडीत कामाला येतो.

व. साहेब जवळ येऊन हळूच, जोडा घालून चला ना, दोन मिनिटांचं काम, कोण बघतं?

म्हटलं, जिनं बघायचं ती बघते.

मान हलवून गेले. वाईट माणूस नाही. त्यांना शर्यत जिंकायची आहे. मलाही.

१७ ऑक्टोबर, रविवार. चौथी माळ.

शर्यत सुरू आहे. आमचा पहिला गडी गाडी चौथ्या नंबरावर चालवतो आहे. त्याच्यानंतर मी. टायरांच्या चळतीवर बसलोय. जोडे घातलेले, पाय अधांतरी. सकाळी आंघोळ करून मायचं नाव घेतलं, काही मागितलं नाही.

गुलाब हात पुसतो, पुन्हा घाम, पुन्हा पुसतो. विचारलं त्यानं, "दादा, भेव वाटून राहिलं का?"

"व्हय."

"आमाले बी."

मुख्य अधिकारी आले. हात मागे बांधून उभे. रोहन हेल्मेट घालून, हातमोजे चढवून माझ्या बाजूला तयार. पोराची चूक नाही, मामानं सांगितलं तसं करतो.

गाडीला आत यायची पाटी दाखवली. गुलाब-हिरानं हात गुंफले.

ही वही रोहनला देतो आहे. दोन्ही हातांनी धर म्हणून, मी परत येईपर्यंत.