चित्र न काढण्याचा करार

३ सप्टेंबर

सोडलं! आजपासून चित्रं बंद.

राऊझाला तिच्या आर्ट गॅलरीत जाऊन तोंडावर सांगितलं. ती प्रदर्शनाच्या पत्रिका चाळत होती. "वेडी झालीस का गं? उद्‌घाटनाला भिंती रिकाम्या ठेवू?" म्हटलं, आहेत तेवढी लाव, नवीन मिळणार नाहीत. "कधीपर्यंत?" "कधीच." ती हसली. मग माझ्याकडे नीट बघितलं आणि हसायची थांबली. कला विद्यालयापासूनची मैत्रीण. मी खोटं बोलले की तिला कळतं, खरं बोलले तरी कळतं.

कारण तसं मोठं काही नाही. काल कॅनव्हाससमोर उभी होते आणि हात आपला आपण चालला होता. जुन्या चार मजली इमारती, मधलं अंगण, दोरीवर कपडे. पिवळी रजई कुठे टाकायची ते हाताला पाठ. पिवळी रजई असली की चित्र खपतं, हेही हाताला पाठ! मी तिथे नसते तरी चाललं असतं. ब्रश धुतले, जुन्या टॉवेलात गुंडाळले आणि माळ्यावर टाकले.

वाटलं होतं रडू येईल. भूक लागली. परवाचा पुलाव थंडच खाल्ला, पातेल्यातून.

५ सप्टेंबर

उन्हं वर येईपर्यंत झोपले. खिडकीतून डोंगर दिसत होता. नुसता डोंगर! हा निळा कशात काय घातलं की येईल, असलं काही मनातसुद्धा आलं नाही. चहा संपेपर्यंत बघत बसले. अल्मातीत जन्म गेला, पण हा डोंगर मी आज बघितला म्हणायचं.

६ सप्टेंबर

मार्लेनला सांगितलं तेव्हा तो "बरं" म्हणाला होता, एवढंच. जन्मभर ट्रॉलीबस चालवून निवृत्त झालेला माणूस – चालकाशी बोलू नये ही पाटी याने फारच मनावर घेतलेली. लग्न झाल्यापासून माझे कॅनव्हास तोच ताणून द्यायचा. चौकटी ठोकायचा, खळ लावायचा, घासायचा. आणि संध्याकाळी मागे स्टुलावर बसून बघत राहायचा. काय बघतोस विचारलं की, "काही नाही."

आज खोदून विचारलं. "बरं म्हणजे काय? वाईट वाटलं?"

"तुला बरं वाटतंय ना?"

"फार."

"मग झालं."

आणि गॅरेजकडे गेला. जुनी निवा दुरुस्त करणार म्हणे. ही गाडी किती वर्षं दुरुस्त होणार आहे देव जाणे. आता मुहूर्त लागला.

१४ सप्टेंबर

प्रदर्शनाचं उद्‌घाटन झालं. राऊझा पक्की व्यापारी! मला न विचारता दारावर नाव लावलं – 'शेवटची अंगणं'. म्हटलं, हे काय, मी मेलेय का? "तू गप्प बस आणि जरा दुःखी दिस."

दुःखी कुठली दिसते! तळलेले बाओरसाक खात उभी राहिले, कानशिलं दुखेपर्यंत हसले. लोक मात्र माझा हात दोन्ही हातांत धरून बोलत होते, मयतीला आल्यासारखे. एका बाईने डोळे पुसले. हीच बाई तीन वर्षं, मोठ्या बहिणीला म्हणतात तसं 'अपाय' लावून, म्हणायची, "कुल्याश-अपाय, तुमच्या अंगणात कधी माणूस का नसतो हो? भकास वाटतं घरात लावायला." आज म्हणाली, "काय ही शांतता!"

सगळी चित्रं विकली गेली. एकही उरलं नाही. राजधानीतला तो बांधकामवाला, इस्लामबेक – त्याने तर फोनवर बोलता बोलता बोटानेच दाखवलं, हे, हे आणि ते. गेल्याच वर्षी ह्यातलं एक त्याने परत पाठवलं होतं, सोफ्याला शोभत नाही म्हणून.

माणूस मेल्यावर भाव येतो म्हणतात. माझी जिवंतपणीच सोय झाली!

१५ सप्टेंबर

मार्लेन जेवताना म्हणाला, "मग आता ह्या भिंतीवर काय लावायचं?" शेवटचं चित्र होतं ती जागा. म्हटलं, घड्याळ लाव.

२१ सप्टेंबर

गाडी चालवायला शिकतेय! ह्या वयात! शिकवणारा गेन्ना म्हणून आहे, सतत सूर्यफुलाच्या बिया सोलत असतो. पहिल्याच चौकात ओरडला, "कुल्याश-अपाय, झाडं नंतर! आधी रस्ता!"

म्हटलं, मी झाडं बघत नव्हते.

"मग काय बघत होता?"

खरंच काही बघत नव्हते. केवढं सुख!

४ ऑक्टोबर

राऊझा घरी आली. केक घेऊन, म्हणजे काहीतरी मागायला. इस्लामबेकला माझ्याशी करार करायचाय. मी पाच वर्षं अंगणं काढायची नाहीत, त्याबद्दल तो मला पैसे देणार! त्याच्याकडे आता माझी बरीच चित्रं आहेत, मी पुन्हा सुरू केलं तर त्यांचा भाव बसेल ही त्याला धास्ती.

मला इतकं हसू आलं की चहा नाकात गेला. "अगं, मी तर फुकटच बंद केलं होतं!"

"हळू बोल," राऊझा म्हणाली. "फुकट हा शब्द त्याच्यासमोर काढू नकोस."

राऊझा गेल्यावर मार्लेनला म्हटलं, "जगाला काम केल्याचे पैसे मिळतात, तुझ्या बायकोला न केल्याचे." तो हसला नाही. "पाच वर्षं?" म्हणाला.

"का? तुला चालत नाही?"

"मला कशाला काय." टोपी घातली, गॅरेज.

हल्ली हा जेवायलासुद्धा उशिरा येतो. अंगाला टर्पेंटाइनचा वास. चिडले! म्हटलं, हा वास घरातून गेला म्हणून मी सुटले, आणि तू पुन्हा घेऊन येतोस? "गाडीच्या दाराला गंज चढलाय. रंगवतोय."

११ ऑक्टोबर

सही केली. पैसे लगेच तोर्गिनला पाठवले, शिमकेंतला तिच्या घराचं छप्पर व्हायचंय. लेक फोनवर म्हणाली, "आई, खरंच काही करायचं नाहीये तुला?" काहीच नाही गं!

१९ ऑक्टोबर

दोन गाड्यांच्या मधे गाडी लावता आली. गेन्नाने बिया खाणं थांबवलं. याहून मोठी दाद नाही.

२६ ऑक्टोबर

राऊझाचा फोन. नुसती किंचाळत होती. "चोरून विकतेस? माझ्या नाकावर टिच्चून? तेही अर्बातवरच्या त्या दुकानात?" मला काही कळेना. अर्बातवर, जिथे घोडे नि गरुडांची चित्रं विकतात, तिथल्या एका दुकानात माझं अंगण लागलंय म्हणे. नवंकोरं. इस्लामबेकच्या माणसाने फोटो पाठवला. करार मोडला, पैसे परत करा, नाहीतर वकील.

पैसे कुठून परत? ते शिमकेंतला छपरावर बसलेत!

"राऊझा, मी ब्रशला हात लावलेला नाही."

"मग काय भुताने काढलं?"

जेवले नाही. मार्लेनला काही सांगितलं नाही, तो गॅरेजातच होता. इतके दिवस हलकं हलकं वाटत होतं. कुणीतरी माझी नक्कल करतंय. का? आणि कोण?

२७ ऑक्टोबर

जाऊन बघितलं.

दुकानाच्या कोपऱ्यात होतं, एका गरुडाच्या खाली. छोटंसं. दुरून वाटलं – माझंच! अंगण माझं, उजेड माझा, दोरी माझी. जवळ गेले. सही नाही. हात कच्चा, इमारतीची कड वाकडी गेलेली. पण कपडे हलत होते. माझ्या अंगणात वारा कधी आलाच नव्हता. इथे होता.

आणि दोरीपाशी एक बाई होती. पाठमोरी, हात वर करून चादर टाकणारी. निळा घरातला झगा. केसांचा अंबाडा, त्यात खोचलेला ब्रश.

ती मी होते.

तास्ताकमधलं आमचं पहिलं घर. ते अंगण. तो झगा तोर्गिनच्या वेळी होता, नंतर फाडून फडकी केली. मी ही अशी दिसायचे हे मला ठाऊक असायचं कारण नाही. तिथे स्वयंपाकघराची खिडकी होती. त्या खिडकीतून मला रोज बघणारा माणूस जगात एकच.

दुकानदाराने स्टूल दिलं. "कुणी आणलं हे?" विचारलं. म्हणाला, तोलिकची बायको. तोलिक! मार्लेनच्या शेजारचं गॅरेज त्याचं. "नवऱ्याला कुणी वाढदिवसाला दिलं म्हणे. बाई म्हणाली, आमचीच धुणी थोडी आहेत का, भिंतीवर आणि कशाला."

सांगेल ती किंमत दिली. घासाघीससुद्धा केली नाही. बसमध्ये मांडीवर धरून घरी आणलं.

इतकी वर्षं मला वाटायचं, स्टुलावर बसून हा माझी चित्रं बघतो.

२८ ऑक्टोबर

चित्र घड्याळाच्या जागी लावून ठेवलं. मार्लेन सकाळी उठून आला, बघितलं, पांढराफटक पडला. चहाला म्हणून राऊझाला आणि इस्लामबेकला बोलावलंय एवढं सांगितलं. "वकील वगैरे आणा पाहिजे तर, पण आधी घरी येऊन बघा," असा निरोप दिला होता.

आले दोघं. इस्लामबेक बूट काढून थेट भिंतीपाशी. राऊझाने चष्मा लावला. मार्लेन चहा ओतायला बसला – त्याने कधी ओतलाय!

"हे तिचं नाही," राऊझा लगेच म्हणाली. सुटल्यासारखी खुर्चीत बसली. "हात कच्चा आहे. ही कड बघा. कुल्याशची कड मी झोपेत ओळखीन."

इस्लामबेक मात्र हलेना. "माणूस आहे यात," म्हणाला. "अपायच्या अंगणात माणूस नसतो. म्हणजे करार शाबूत." "ही बाई मागे वळेल असं वाटतं, नाही का? मार्लेन-आगा, तुम्हाला काय वाटतं?"

मार्लेनने चहाचा वाडगा काठोकाठ भरला. पाहुण्याला काठोकाठ! म्हणजे आमच्याकडे 'आता निघा'! इस्लामबेक दचकून उठायलाच लागला. मी वाडगा ओढून घेतला, "अहो बसा, ह्याला ओतता येत नाही," म्हटलं आणि हसू दाबायला स्वयंपाकघरात पळाले.

जाताना इस्लामबेक दारात हळूच म्हणाला, "अपाय, तुम्हाला ठाऊक आहे कुणी काढलंय."

"आहे."

"भेटवाल?"

"त्याला विचारते."

राऊझा जिन्यात थांबली. मला मिठी मारली, "किंचाळले, माफ कर गं," म्हणाली. तिच्या खांद्यावर डोकं ठेवलं. करार राहिला, छप्पर राहिलं, मैत्रीण राहिली. वाटलं, तिथेच पायरीवर झोपावं.

आत आले तर मार्लेन चित्रासमोर उभा. पाठ माझ्याकडे.

"कच्चा म्हणाली ना?"

"हो."

"कुठे कच्चा?"

दाखवलं, इथे कड, इथे सावली उलटी. तो मान हलवत ऐकत होता. मग म्हणाला, "तू थांबलीस. तुला बरं वाटलं, मलाही वाटलं, खरंच. पण संध्याकाळी बसायचं कुठे ते कळेना. म्हटलं, आठवतंय तोवर काढून ठेवावं."

"आणि तोलिकला दिलंस?"

"सगळ्यांत वाईट होतं ते."

"अजून आहेत?"

टोपी शोधायला लागला. कान लाल झाले होते. चाळीस वर्षं ट्रॉलीबस हाकलेला माणूस, आणि कान लाल!

२ नोव्हेंबर

गॅरेजात गेले. निवा तशीच आहे, दाराला गंज तसाच. भोवती अंगणंच अंगणं. सगळ्यांत मी. चादरी झटकताना, उन्हात केस वाळवताना, पोटुशी, बाकावर पाय वर घेऊन बसलेली. सगळीकडे पाठमोरी.

मत्सर वाटेल अशी भीती होती. शोधला. नाही.

राऊझाचा निरोप – तो नवा चित्रकार कोण, इस्लामबेक सगळी घ्यायला तयार आहे. मार्लेनला विचारलं. "माझी बायको मी विकू?" म्हणाला. राऊझाला तसंच कळवलं.

९ नोव्हेंबर

पहिला बर्फ. आज मार्लेनने मला गॅरेजात खिडकीपाशी बसवलं. मी सवयीने पाठ करून बसले.

"वळ," तो म्हणाला. "चेहरा मला आठवून जमत नाही."

वळले.