वरची खोली धाकट्याला, पण अटीवर

मी, खाली सही करणारी, कुलूपकिल्ल्यांच्या दुकानाची मालकीण, वय एकसष्ट, अविवाहित, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवते. डोके ठिकाणावर आहे. हृदयाबद्दल तसे सांगता येत नाही, म्हणूनच हा खटाटोप. माझ्यावर कोणाचे दडपण नाही. ते आणायला भाची दोनदा आली होती, तिला चहा देऊन वाटेला लावले.

कलम १. दुकान, किल्ल्या कापायचे यंत्र, सगळ्या कानशी आणि बँकेत जे काय असेल ते भाचीला, म्हणजे माझ्या धाकट्या भावाच्या मुलीला. ती मला दवाखान्यात नेते-आणते आणि घरी जाऊन बापाला इत्थंभूत सांगते, असा माझा संशय आहे. तरी तिचा हात स्थिर आहे. गल्ल्याची किल्ली मात्र तिने स्वतः शोधावी.

कलम २. वरची खोली. इथे सविस्तर लिहिणे भाग आहे. धाकटा सुतार आहे, घरात त्याला रंध्या म्हणतात. खाली दुकान, वर माझी खोली. मधला जिना कुजला म्हणून त्याने नवा करून दिला. त्या नव्या जिन्यावर मला धाप लागू लागली. अर्ध्यावर छाती आवळायची, डोळ्यांपुढे अंधारी यायची. जुन्या जिन्यावर असे कधी झाले नव्हते. मी म्हटले, "पायऱ्या मुद्दाम उंच केल्यास. मी दुकानात पथारी टाकावी आणि खोली तुझ्या घशात जावी, हाच डाव ना?" तो म्हणाला, "ताई, ही टेप घे आणि मोज." टेप त्याचीच, मी कशाला मोजू? त्याने ती पायरीवर ठेवली आणि निघून गेला. तेव्हापासून बोलणे बंद. टेप अजून तिथेच आहे.

पुढे भाचीने डॉक्टरीणबाईंकडे नेले. त्यांनी छातीला नळी लावली आणि म्हणाल्या, ठोक्यांमध्ये घरघर ऐकू येते. दुसऱ्या डॉक्टरांकडे गेले, तिथेही तेच. चोर चोर मावसभाऊ म्हणून तिसरीकडे जाणार होते, पण तिथे जिना होता. मग छातीवर गार जेली फासून पडद्यावर हृदय दाखवले. ते माझेच कशावरून? मी मध्येच खोकून पाहिले. चित्रही हलले.

डॉक्टरीणबाईंनी समजावले ते असे. हृदयातून अंगभर रक्त जाते त्या तोंडाशी एक झडप असते. तिला तीन पाकळ्या असतात. माझ्या झडपेला जन्मापासून दोनच. शंभरात एखाद्याचे असे असते आणि कित्येकांना ते आयुष्यभर कळतही नाही. पण दोन पाकळ्यांवर ताण जास्त. वय झाले की त्यांवर चुन्यासारखा थर चढतो, तोंड अरुंद होते, आणि चढताना अंगाला रक्त कमी पडते. गोळ्यांनी ते तोंड मोकळे होत नाही. माझे जिथवर आले आहे तिथे झडप बदलणे हाच उपाय. "म्हणजे पायऱ्या उंच नाहीत?" मी विचारले. त्या म्हणाल्या, "जिना मी पाहिलेला नाही, आजी." आजी म्हणाल्या, तेही मी लक्षात ठेवले आहे.

निघताना त्या म्हणाल्या, "सख्ख्या भावंडांनीही तपासून घ्यावे, हे घराण्यात असू शकते." भाचीने बापाला सांगितले. त्याचे उत्तर, "ताईचा यात काहीतरी डाव असणार." संशय तरी आमच्या घराण्यात नक्कीच आहे.

त्याचा कारखाना समोर चढावर आहे. काउंटरवरून मी त्याच्यावर नजर ठेवते. परवा फळी खांद्यावर घेऊन जाताना तो मध्येच थांबला आणि विजेचा खांब न्याहाळू लागला. त्या खांबात न्याहाळण्यासारखे काही नाही. मीही जिन्यात अशीच थांबून कठड्याचे स्क्रू तपासायची. मला भीती वाटली. माझ्या शस्त्रक्रियेचे ऐकून वाटली नव्हती इतकी वाटली.

कलम ३. सबब वरची खोली धाकट्याला, पण त्याने हृदयाची तीच पडद्यावरची तपासणी करून घेतली तरच. काही निघो न निघो, खोली त्याची. टाळाटाळ केली तर ती शेजारच्या छत्रीवाल्याला, ज्याच्याशी त्याचे जन्माचे वाकडे आहे. तपासणीच्या वेळी भाचीने आत उभे राहावे आणि त्याला खोकायला लावावे. नाहीतर तो दुसऱ्याचाच रिपोर्ट आणील. हे कलम मी मेल्यावर उपयोगाचे नाही. आजच त्याला वाचून दाखवावे.

कलम ४. टेप ज्याची त्याला परत करावी. पायऱ्या मी मोजलेल्या नाहीत आणि मोजणार नाही.

कलम ५. शस्त्रक्रिया येत्या सोमवारी आहे. हे धाकट्याला कळता कामा नये, असे भाचीला बजावले आहे. ती सांगणारच. मी आत असताना तो बाहेरच्या बाकावर येऊन बसेल, असा मला दाट संशय आहे.

स्थळ: दुकानाची मागची खोली, दार आतून बंद करून.
दिनांक: शस्त्रक्रियेआधीचा गुरुवार.
सही: लिहून ठेवणारी, चावीवाली.
साक्षीदार पहिले: कोपऱ्यावरचे शिंपी. वाचताना हसले, तरी सही नीट केली.
साक्षीदार दुसऱ्या: डॉक्टरीणबाई. मी शुद्धीवर असल्याचे त्यांनी लिहून दिले आहे. जिना अजून पाहिलेला नाही.