विटकरी कव्हर

प्रिय दादा,

परवा फोनवर तू विचारलंस, आवाज का बसलाय, आणि मी सर्दीवर ढकललं. सर्दी नव्हती. तू सहज म्हणाला होतास, पासपोर्टची मुदत संपत आलीय, पुढच्या महिन्यात सवडीने अर्ज देतो. ते ऐकून मी घाईने फोन ठेवला.

आमच्या पासपोर्ट छपाईच्या विभागात तीन महिने एक फाईल फिरते आहे. दहावी न झालेल्यांना वेगळ्या रंगाचं कव्हर द्यायचं. हेतू वाईट नाही. परदेशी मजुरीला जाणाऱ्यांना दलाल फसवतात, म्हणून त्यांचे कागद विमानतळावर नीट तपासायचे आणि पुस्तक न उघडता ती माणसं ओळखू यायला हवीत. बैठकीत मला विचारलं ते एवढंच, की निळ्या गठ्ठ्यात कोणता रंग लांबून उठून दिसेल. मोठे साहेब म्हणाले, पिवळा. त्यावर आमच्या हेडक्लार्कनी हळूच विचारलं, "साहेब, पिवळं पुस्तक हातात घेऊन लोकांनी चारचौघांत उभं राहायचं?" सगळे हसले. मीही हसले, आणि त्या भरात म्हणून गेले, "विटकरी घ्या. मळ दिसत नाही."

इतिवृत्तात हे वाक्य माझ्या नावापुढे टाइप झालंय. माझ्या रोजच्या वहीत त्या तारखेला लिहिलंय, बैठक चांगली झाली. मळ कुणाच्या हातांचा, हे मी स्वतःला विचारलंच नाही. बाबा अंथरुणाला खिळले तेव्हा तू नववीतून उठून गवंड्याच्या हाताखाली गेलास. माझा पदवीचा फोटो भिंतीवर लावलास तो ओळंबा धरून, आणि आईला म्हणालास, आता घर सरळ झालं. तरी त्या खोलीत तू मला आठवला नाहीस. खरंच आठवला नाहीस, की आठवून मी गप्प बसले? परवाच्या फोनपासून डोक्यात हेच चाललंय.

शुक्रवारी फाईलवर सही होईल. गुरुवारपर्यंत आलेल्या अर्जांना निळंच कव्हर मिळेल. तेव्हा दादा, गुरुवारी कचेरी बंद व्हायच्या आत अर्ज दे. शिक्षणाच्या रकान्यात खरं तेच लिही. हे बाहेर सांगायची मला परवानगी नाही, आणि ज्यांची बहीण या विभागात नाही त्यांनी काय करायचं, याचं उत्तर माझ्यापाशी नाही. विरोधाचं टिपण आज फाईलला लावलंय, पण ते कुणी वाचेल असं वाटत नाही. हे पत्र फाडू नकोस. कुणी सांगितलं असं विचारलं, तर बेधडक माझं नाव घे.

तुझीच,
ठकी