पितृपक्षात न उघडलेला खोका

आई, काल अभनपूरच्या पुढे आपल्या घरी जाऊन आलो. ओसरीवरचं सोलरचं पॅनेल ओल्या फडक्यानं पुसलं, आत येऊन बटणं दाबली. तिन्ही दिवे लागले, मागाहून जोडलेला पंखाही फिरला. गावाची लाईन सकाळपासून गेलेलीच होती. नऊ वर्षांत बॅटरी एकदा बदलली, बाकी सगळं ठीक चालतं. फक्त त्या घरात आता कोणी राहत नाही.

तो खोका आणला तो रविवार काही केल्या डोक्यातून जात नाही. तू चहा मांडून बसली आहेस, मी स्वयंपाकघराच्या दारात खोका ठेवतो. तू हात पुसत येतेस. "टीव्ही आणला का रे?" मी सांगतो, नाही, हे उन्हावर चालतं, लाईन गेली तरी दिवे राहतात. "मंग लाव ना. बसला काहून?" दुकानदारानं बजावलंच होतं, "भैया, मिस्त्री मत बुलाना. लाल में लाल, काले में काला, बस." पुस्तिकेत चित्रंही होती, आणि ती वाचायला गावच्या शाळेत शिकलेली हिंदी पुरेशी होती. तरी मी म्हणालो, "आई, पितृपक्ष लागला. नवी वस्तू आता नको. घटस्थापनेला येतो."

तू हसलीस. "तुह्या बापाले जिंदगीभर कंदिलापुढं जेवू घातलं म्या. थो वरून म्हणंल का, बुढीले उजेड नोको देऊ?" शेजारची म्हातारी चहाला आली होती, तिनं तुझीच री ओढली. "हव दीदी, अंजोर बर का के पितर-पाख!" उजेडाला कसला आलाय पितृपक्ष, म्हणून दोघी खूप हसलात. मला ते आवडलं नाही. देवाधर्माची थट्टा करू नये, असं मी तुला सुनावलं. तुला, जिनं मला हात जोडायला शिकवले.

अकराव्या दिवशी दिवेलागणीला लाईन गेली. तुळशीपुढे दिवा लावायला तू अंधारात चाचपडत निघालीस आणि उंबऱ्याला अडखळून पडलीस. खुब्याचं हाड मोडलं. खोका भिंतीशी तसाच होता, त्याची चिकटपट्टीही निघाली नव्हती. रायपूरच्या इस्पितळात तू मला एकदाच विचारलंस, "पितर खुश झाले का रे?" नंतर तो विषय कधी काढला नाहीस. नर्सला मात्र सांगायचीस, "माहा पोट्टा लय धार्मिक हाये." दिवाळीच्या आधी तू गेलीस.

तेरावं झाल्यावर मी खोका उघडला. पाऊण तास लागला. पाऊण तास, आई. पॅनेल ओसरीच्या छपरावर, कवेलूंवर तारेनं बांधलं, लाल वायर लालमध्ये, काळी काळ्यात. शेजारची म्हातारी अंगणात उभी राहून बघत होती. दिवा लागला तशी ती घरात निघून गेली. तिनं चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं.

नातेवाईक अजून कौतुक करतात, की या मुलानं कधी नेम मोडला नाही. मीही मान हलवतो. दरवर्षी त्याच पंधरवड्यात तुझं पान वाढतो, नमस्कार करतो, आणि मनातून वाडवडिलांवर चिडतो. त्या बिचाऱ्यांनी तर काही मागितलंही नव्हतं.

हे कुठल्या पत्त्यावर पाठवू? वहीतच राहील. पण इस्पितळात जे बोलायला तोंड उघडलं नाही, ते लिहून ठेवतो. त्या रविवारी पितृपक्ष मला आठवला तो तू "लाव ना" म्हणाल्यावर. पाचची बस शेवटची होती. पॅनेल लावत बसलो असतो तर मुक्काम पडला असता, आणि पंख्यावाचून मला झोप येत नाही. मला अंधार पडायच्या आत रायपूरला, तेलीबांध्याच्या माझ्या फ्लॅटवर पोचायचं होतं.