संशोधकाची मावशी, दुसरा मजला

तीर्थरूप मावशीस,

तुझ्या धाकट्या भाच्याचा दंडवत. तो लांबूनच घ्यावा लागतोय, कारण गेल्या खेपेला मी दारात उभा असताना काकांनी साखळी न काढता फटीतून सांगितलं की तू घरात नाहीस, आणि त्यांच्या मागून तूच विचारलंस, "गेला का तो?" तुझी पाठ कशी आहे? काकांचा खोकला? फोनवरच विचारलं असतं, पण हल्ली माझा आवाज ऐकला की तू नुसता श्वास घेतेस आणि ठेवून देतेस (श्वास ठीक वाटतो, तेवढंच समाधान). म्हणून हे पत्र. फाडणार असशील तर निदान अर्ध्यापर्यंत वाचून मग फाड. सुरुवातीला नुसता पश्चात्ताप आहे, खरी बातमी पुढे आहे.

मी तुमच्या इमारतीच्या जिन्यावर प्रबंध लिहितोय हे तुला पहिल्यापासून माहीत होतं. (तू आईला फोन करून, त्याची तब्येत बरी आहे ना, असं विचारलंही होतंस.) शेजारी जिन्यात कुठे थांबतात, काय बोलतात, कुणाचं दार अर्धवट उघडं असतं, एवढाच माझा विषय. पहिला खर्डा सरांना, म्हणजे माझ्या मार्गदर्शकांना, नेऊन दिला. त्यांनी वरचं काही वाचलंच नाही. पानं उलटत फक्त तळाशी बघत गेले. तळाशी पांढरं होतं, एकही तळटीप नव्हती. मग लाल पेन काढलं. "लोक जिन्यात हळू आवाजात बोलतात" असं मी लिहिलं होतं, त्यापुढे "कशावरून?" "वरच्या मजल्यावरचे लोक खालच्यांपेक्षा जास्त वेळा थांबतात." कशावरून? प्रस्तावनेत मी आईवडिलांचे आभार मानले होते, तिथेही सवयीने कशावरून? म्हणाले, विधान केलं की त्याच्या पायाशी माणूस उभा पाहिजे. आता माझ्या विधानांच्या पायाशी उभं राहायला या जगात एकच माणूस तयार होतं, आणि ते तुझ्या स्वयंपाकघरात चहाचं आधण ठेवून, "विचार काय विचारायचं ते," म्हणत होतं.

तुझं नाव कुठेही येऊ दिलं नाही, हे मी अजूनही सांगत असतो. ("येऊ दिलं नाही" हे आता कुणाला सांगायलाही लाज वाटते, पण सांगतो.) नावाऐवजी लिहिलं, "माहिती देणारी : संशोधकाची मावशी, दुसरा मजला." त्या इमारतीत संशोधक एकच येत होता आणि त्याला मावशी एकच होती, हे माझ्या डोक्यात आलं नाही. पुढच्या टिपेत "उपरोक्त", त्याच्या पुढच्या टिपेत "उपरोक्त", आणि तिसरं प्रकरण संपेपर्यंत तू इतक्या वेळा उपरोक्त झालीस की सरांनी पहिल्यांदा माझी पाठ थोपटली. संदर्भसूचीत तर "मावशी, संशोधकाची. स्वयंपाकघरातील संभाषणे. अप्रकाशित" अशी तुझी नोंद झाली, आणि अक्षरक्रमाच्या कृपेने वर "मालमत्ता कर : आकारणीचे नियम" आणि खाली "मैलापाण्याच्या जोडण्या : एक अहवाल" अशी तुला सोबत मिळाली. त्याबद्दल वेगळी क्षमा मागतो.

आता वरच्या काकूंचं. वरच्या मजल्यावर दोन दारं, त्यातलं एक कायम बंद, म्हणजे "तिसऱ्या मजल्यावरील एक महिला" असं लिहिणं आणि काकूंच्या दारावर पाटी लावणं यात काही फरक नव्हता. त्या रोज संध्याकाळी चष्म्याचं दुकान बंद करून आल्या की आधी तुझ्याकडे टेकतात आणि मग वर जातात, यावर माझं अख्खं चौथं प्रकरण आहे. सरांनी विचारलं, का टेकतात? मी तुला विचारलं. तू गॅस बारीक केलास, दार लोटलंस आणि सांगितलंस, की तिचा नवरा परगावी नोकरीला नाही, तो तिला सोडून गेला, आणि हे कुठे बोलू नकोस. मावशी, मी कुठेच बोललो नाही. लिहिलं. "पतीने सोडून दिल्यानंतर सदर महिलेस जिन्याचा आधार वाटू लागला." आणि खाली बारीक अक्षरात : उपरोक्त. लिहिताना तू लोटलेलं दार आठवलं होतं. पण पानाच्या तळाशी जागा रिकामी दिसत होती, आणि मला सरांची भीती तुझ्या भरवशापेक्षा मोठी वाटली.

त्यावर कळस म्हणून पदवी मिळाल्यावर मी एक प्रत सोनेरी अक्षरांत बांधून तुमच्या सोसायटीच्या ऑफिसात भेट दिली. आमच्या क्षेत्रात प्रबंध सहसा कुणी वाचत नाही, या विश्वासावर दिली. पण लोकांनी वाचला, आणि सरांसारखाच वाचला. परवा मी ती प्रत पाहिली. पानांचा वरचा भाग कोरा करकरीत, आणि खालचे कोपरे बोटं लागून लागून काळे.

त्यानंतर काकू तुझ्याकडे टेकायच्या बंद झाल्या, तू दार पुढे करून घ्यायला लागलीस, आणि काका म्हणतात की संध्याकाळी वरून पावलं उतरली किंवा चढली की तू टीव्हीचा आवाज वाढवतेस. पाच वर्षं खपून मी ज्या शेजाराचा अभ्यास केला तो माझ्याच अभ्यासाने मोडला. तोंडी परीक्षेत बाहेरून आलेले परीक्षक म्हणाले होते, तुमच्या तळटिपा फार जिवंत आहेत. मी मान लववून आभार मानले होते.

म्हणून शेवटी परवा मी काकूंकडे गेलो. (तुझ्या दारावरून चपला हातात घेऊन गेलो, ऐकू येऊ नये म्हणून.) त्यांनी मला बसवलं, पाणी दिलं आणि त्या पानाची झेरॉक्स समोर ठेवली. मी बोलायला तोंड उघडलं.

"माफीचं नंतर," काकू म्हणाल्या. "आधी चूक बघू. इथे सोडून दिल्यानंतर लिहिलंयस. कुणी कुणाला?"

"त्यांनी, तुम्हाला."

"मी त्याला घालवला. बॅग मीच भरली. इस्त्रीचे शर्ट वर ठेवले, चुरगळू नयेत म्हणून."

मी म्हटलं, पण मावशीला तर वाटतं की...

"तिला वाटतंच तसं. त्या दिवशी मी खाली जाऊन म्हटलं, तो गेला. पुढचं सांगणार, तोवर ती रडायला लागली. माझे दोन्ही हात धरून रडली. मला आयुष्यात कुणी इतकं धरलं नव्हतं. मग कसं सांगायचं, की अगं, मीच हाकलला?" काकूंनी चष्मा काढून पदराने पुसला, बराच वेळ पुसला. "दुसऱ्या दिवशी सांगू म्हटलं. मग ती रोजच वाट बघायला लागली. इतकी वर्षं मी तिच्याकडून फुकटची माया घेतली. आता छापून आलंय, कुणीतरी खरं काय ते बोलणार, आणि ती म्हणणार, ही माझ्याशी खोटं वागली. म्हणून खाली जात नाही."

मावशी, हे पुन्हा वाच. काकू तुझ्यावर रागावलेल्या नाहीत. तू त्यांना तोंड दाखवायला लाजतेस, त्या तुला लाजतात, आणि मधल्या जिन्यात सहा महिने कुणी नाही. मला एकदाच, एका संध्याकाळी, चौदा पायऱ्या चढून त्यांनाच विचारता आलं असतं. तुझ्याकडे चहा होता आणि वर चढायचा कंटाळा आला, एवढंच त्यामागचं शास्त्र.

काकांना नमस्कार. तुझी क्षमा मागण्याची लायकी नाही, पण मागतो.

तुझा,
संशोधक

ता. क. : विद्यापीठाने ग्रंथालयातल्या प्रतीत शुद्धिपत्र चिकटवायची परवानगी दिली आहे. मजकूर काकूंनीच सांगितला : "पतीस घराबाहेर काढल्यानंतर. माहिती देणारी : स्वतः." मात्र आधीची माहिती मागे घेतल्याबद्दल आधीच्या माहिती देणारीची, म्हणजे तुझी, सही लागते. ती घ्यायला मी येणार नाही, काकू येतील. एवढं काम कर.

ता. क. २ : असा काही नियम नाही. तो मी काढला. काकूंनाही ते ठाऊक आहे. "कशावरून?" असं त्यांनी लगेच विचारलं होतं, आणि मग म्हणाल्या, राहू दे, नियम चांगला आहे.

ता. क. ३ : या पाकिटावर तिकीट नाही, हे आतापर्यंत तुझ्या लक्षात आलं असेल. ते दाराखालून आत सरकवून काकू अजून बाहेरच उभ्या आहेत. वाचून होईपर्यंत बेल वाजवणार नाही म्हणाल्या. टीव्ही बंद कर.