सुतळीच्या कड्याएवढी जागा

बाई,

परवाच्या रविवारी मी तुमच्या माळावर जाऊन आले आणि तेव्हापासून मला किळस आली आहे. दुसरा शब्द शोधून पाहिला, कारण ढोबळ शब्द तुम्ही शास्त्राच्या वहीतसुद्धा चालवून घ्यायचा नाहीत. पण राग इतका चिकट नसतो, आणि दुःख म्हणण्याची माझी लायकी नाही. तेव्हा किळसच. थोडी तिथल्या गर्दीची आणि बरीचशी स्वतःची, कारण त्या गर्दीला रस्ता मी सांगितला. तुम्हाला जाऊन सतरा वर्षं झाली, त्यामुळे हे पत्र कुठल्या पेटीत टाकायचं हा प्रश्न नाही. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आमच्या शाळेतल्या बाकीच्या वर्गांच्या सहली सर्पोद्यानात जायच्या, बागेत जायच्या, भेळ खाऊन परत यायच्या. तुमच्या वर्गाची सहल घटस्थापनेच्या आधीच्या रविवारी, कात्रजपर्यंत बसने आणि तिथून घाटाच्या बाजूला तासभर पायी. सदाशिव पेठेतल्या मुलींमध्ये या सहलीला 'बाईंची शिक्षा' असंच नाव होतं, आणि ते तुम्हाला ठाऊक होतं. सुती साडी, खाली कॅनव्हासचे बूट, पिशवीत गूळ-शेंगदाणे. "आवाज घरी ठेवून आला असाल अशी अपेक्षा आहे," हे बसथांब्यावरच सांगून मोकळ्या व्हायचात. माळाच्या तोंडाशी एक मोठा चपटा दगड होता. त्यावर चपला काढून ठेवायच्या आणि गुरांच्या वाटेनं एकामागून एक आत शिरायचं. दोन्हीकडे नुसती सोनकी, पिवळीधम्मक, मध्येच तेरड्याचा गुलाबी रंग, आणि वाकून पाहिलं तर खाली आभाळीची इवली निळी फुलं. प्रत्येकीकडे घरून गाठ मारून आणलेलं सुतळीचं एक कडं असायचं, ताटाएवढं. ते वाटेच्या कडेला फुलांवर अलगद ठेवायचं, आपण बाहेर मांडी घालायची आणि अर्धा तास त्या कड्यात जे दिसेल ते लिहायचं. बस, एवढीच सहल. परतताना वाटेतल्या घरी, नुकती लग्न होऊन आलेली एक सून आम्हाला ताक द्यायची आणि तुमच्या बुटांकडे बघून पदरात हसायची.

सातवीतला तो रविवार मला अजून लख्ख दिसतो. अर्धा तास संपला आहे, तुम्ही एकेकीच्या वह्या बघत येता आहात. माझ्या वहीत सोनकीची सात फुलं आहेत, एक सुकलेलं पान आहे आणि एक फुलपाखरू आहे. शेजारणीनं लिहिलं होतं म्हणून मीही लिहिलं. त्याशिवाय पान भकास दिसत होतं. तुम्ही उकिडव्या बसता. "फुलपाखरू आलं होतं का तुझ्या कड्यात?" मी हो म्हणते. "कुठल्या रंगाचं?" पिवळं. "पिवळ्यावर पिवळं. नजर तेज आहे तुझी. किती वेळ बसलं?" मी वहीकडे बघते. तुम्ही आवाज अजिबात चढवत नाही, तोच तर छळ असायचा. "खोड ते. मुंगी लिही. मुंगी आली होती, मी पाहिली. शोभा वाढवायची असेल तर निबंधाच्या तासाला वाढव." मी इतकं खोडलं की पान फाटलं. त्या दिवशी मी तुमच्याशी बसमध्ये बोलले नाही आणि तुम्हाला त्याचं काही वाटल्याचं दिसलं नाही.

दहावीनंतर निरोपाला तुमच्या खोलीवर आले, तेव्हा तुम्ही मला तुमचं स्वतःचं कडं दिलंत, वापरून करडं पडलेलं. पेन द्याल, शब्दकोश द्याल असं वाटलं होतं, त्यामुळे खरं सांगायचं तर माझा चेहरा पडला. तुम्ही म्हणालात, "त्या माळाचा पत्ता कुणाला सांगायचा नाही. न्यायचं. ज्याला दाखवावासा वाटेल त्याला हाताला धरून घेऊन ये आणि त्याच्या शेजारी बस. नुसता पत्ता दिलास ना, तर लोक तिथे जेवायला जातील." मी हसले. तुम्ही हसला नाहीत.

आता गुन्हा. मी वर्तमानपत्रात शनिवार-रविवारची पुरवणी बघते. तीन वर्षांपूर्वी पितृपक्षात आम्ही एक पान केलं, 'शरदात सहकुटुंब: पुण्याजवळच्या दहा जागा'. नऊ तयार होत्या. दहाव्या जागेचं रिसॉर्ट दुरुस्तीसाठी बंद असल्याचं दुपारी चारला कळलं आणि पान सहाला जायचं होतं. मी वीस मिनिटांत तुमचा माळ लिहिला. कुठे वळायचं, गाडी कुठे लावायची, लहान मुलांना चालवेल का, सगळं. पहिलं वाक्य होतं, 'गेल्याच आठवड्यात मी इथे जाऊन आले आणि डोळ्यांपुढचा पिवळा रंग अजून हलत नाही.' शेवटी, 'अजून फारशी कुणाला ठाऊक नसलेली जागा.' संपादक 'वा!' म्हणाले. नातेवाइकांचे फोन आले. मला आनंद झाला, हेही लिहून ठेवते.

परवा मी लेकीला घेऊन गेले. अकरा वर्षांची आहे. तुमचं कडं पर्समध्ये होतं, तिला दाखवायला. घाटाच्या वळणापासूनच गाड्यांची रांग होती. शेतात दोऱ्या बांधून पार्किंग केलेलं, आणि प्लास्टिकच्या झेंडूची एक कमान, तिच्यावर लिहिलेलं 'फॉल फेस्ट', म्हणजे पानगळीचा उत्सव. बाई, आजूबाजूच्या एका झाडाचं एक पान गळलेलं नव्हतं. कमानीच्या आत कडब्याच्या पेंढ्या रचल्या होत्या आणि त्यांच्यावर लाल भोपळे, डोळे आणि दात कोरलेले. भोपळ्यांना आतून पाणी सुटलं होतं, त्यावर माश्या घोंगावत होत्या, आणि एक बाई आपल्या तान्ह्या बाळाला नेमकं तिथेच बसवून फोटो काढत होती. तळणीच्या तेलाचा वास, त्यात फिरत्या संडासाचा वास. चपटा दगड आहे अजून. तो पान-गुटख्याच्या पिंकांनी पार लाल झाला आहे, आणि त्याच्यावर बूट ठेवून एक गृहस्थ नाड्या बांधत होते. त्यांची मुलगी झेंडूच्या वाफ्याशी अडखळली, तर म्हणाले, "अगं पाय टाक ना आत, फुलं काय चावतात? कम ऑन, स्माईल!" ती आत गेली. तिच्यामागून आई गेली, मग आजी, मग सगळ्यांच्या चपला. फोटो झाल्यावर बिस्किटाचा कागद तिथेच टाकून मंडळी भोपळ्यांकडे वळली.

दारातल्या मुलीनं मनगटाला बांधायच्या कागदी पट्ट्या पुढे केल्या. "मॅडम, लेफ्टला यलो झोन, राइटला राइड्स, फूड मागे." तिच्या मागे पुरुषभर उंचीचा फ्लेक्स होता. त्यावर माझा लेख होता, अख्खा, मोठा करून छापलेला, खाली माझं नाव. लेक ओरडलीच, "आई, तू! अहो, ही माझी आई आहे, हिनेच लिहिलंय हे!"

त्या ओरडण्यानं आतून एक म्हातारी आली. ताक देणारी सून, बाई. केस पांढरे झालेत, हसणं तेच. "तुमी का त्या ताई? फोटु नव्हता पेपरात, न्हायतर वळखलं असतं. तुमच्या लिवन्यानं आमचं घर उभं ऱ्हायलं बघा. पोरगा कंपनीत राबत हुता, आता घरीच हाय, डोळ्याम्होरं." तिनं सुनेला हाक मारून आमच्या पट्ट्यांचे पैसे घेऊ नको म्हणून बजावलं. मी तुमच्या वर्गातली, अशी ओळख सांगितली आणि विचारलं, सोनकी कुठे गेली? "ती पिवळी व्हय? ती चार दिसाची. पब्लिकनं पयल्याच वर्साला तुडिवली, मग नुसता चिखुल. म्हून नांगारलं आन झेंडू लावला. तुमच्या बाई असत्या तर खूश झाल्या असत्या, न्हाई?"

मी हो म्हटलं. काय म्हणणार होते? तिच्यावर चिडायला मला जागाच नव्हती. ती आपल्या रानात आपलं पोट भरते आहे. नांगर तिनं फिरवला, पण तो तिच्या हातात कुणी दिला ते फ्लेक्सवर लिहिलेलं होतं, नावानिशी. आम्ही फुकटच्या पट्ट्या बांधल्या, फुकटची थालीपीठं खाल्ली. तुम्ही म्हणाला होतात तसंच झालं, मी तिथे जेवून आले. कडं पर्समधून काढलं नाही. कशावर ठेवणार होते?

परत येताना कात्रजच्या सिग्नलला आम्ही बराच वेळ अडकलो होतो. लेक पट्टी मनगटावर फिरवत होती. म्हणाली, "आई, फुलं होती तेव्हा मला का नाही आणलंस?" मी म्हटलं, वेळ नव्हता गं. पट्टी सोडून ती म्हणाली, "पण लेखाच्या आधी तू आली होतीस ना? गेल्याच आठवड्यात, असं लिहिलंय. तेव्हा मी आठ वर्षांची होते. मला चाललं असतं." सिग्नल सुटला, मागून हॉर्न वाजायला लागले, म्हणून उत्तर द्यावं लागलं नाही.

तिला नाही दिलं, तर तुम्हाला देते. मग हे पत्र, कडं ज्या डब्यात असतं, त्याच डब्यात ठेवीन. पुण्यात राहते, चारचाकी आहे, कात्रज माझ्या घरापासून अर्ध्या तासावर आहे. सगळे दसरे येऊन गेले आणि मी दर वर्षी पुढच्या वर्षी म्हणत राहिले. मी ज्यांच्या नावानं नाक मुरडून आले, ती माणसं निदान जाऊन तरी आली. बाई, शाळा सुटल्यापासून मी त्या माळावर एकदाही गेले नव्हते. लेख मी ऑफिसात खुर्चीवर बसून लिहिला. ते पहिलं वाक्य म्हणजे पुन्हा तेच पिवळं फुलपाखरू. तुम्ही खोड म्हणाला असतात आणि मी पान फाटेपर्यंत खोडलं असतं, पण ते आता वहीत नाही, कमानीपाशी टांगलेलं आहे, आणि आत शिरणारा प्रत्येक जण ते वाचून मगच पुढे जातो.