बादलीची रेघ

३ फेब्रुवारी १९४९, सांगली

विष्णुपंतांच्या नव्या इमारतीचं वायरिंग मला! फौजेतून सुटल्यावर पहिलंच स्वतंत्र काम. खाली सगळ्या हळदीच्या पेढ्या, मधून लांबलचक बोळ. बोळात चार प्लग हवेत — तिथं अंधार, आणि हळकुंड मोडून आतला रंग गिऱ्हाइकाला दाखवायचा तर हातदिवा पाहिजे. वीज खात्याच्या इन्स्पेक्टरसाहेबांनी काम पास केलं तरच मला वायरमनचा परवाना. नाहीतर गावी जाऊन उसाला पाणी पाजायचं आहेच.

५ फेब्रुवारी

गुडघ्याच्या उंचीवर खुणा केल्या. फौजेत तसंच करायचो. बोळ धुणाऱ्या राहीबाई बादली घेऊन उभ्याच — "माजं पानी कुटवर उडतंय ते इचारलंस का रं, नाथाजी?" म्हटलं, मावशी, तुम्ही फरशी बघा, मी भिंत बघतो.

फार शहाणा मी!

६ फेब्रुवारी

मावशींनी आज रागानं भरली बादलीच फरशीवर भिरकावली. हळदीच्या धुळीचं पिवळं पाणी पांढऱ्या भिंतीवर — माझ्या खुणांच्या चांगलं हातभर वर! प्लग तिथं बसवले असते तर पहिला झटका त्यांनाच. मग त्या हसल्या, मीही हसलो. पिवळ्या रेघेच्या वीतभर वर नव्या खुणा. भिंत बघून विष्णुपंत कडाडले. चुना मीच मारून देणार.

१४ फेब्रुवारी

पास! पास! साहेबांनी चारही प्लगला दिवा लावून पाहिला. "एवढ्या वर का?" मी पाण्याचं सांगितलं. "वा! डोकं कुणाचं?" आणि माझ्या तोंडून निघून गेलं — "माझंच, साहेब."

मावशी मागेच उभ्या होत्या. पाठ फिरवून फरशी घासायला लागल्या. पेढे आणले, पण गोड लागेनात.

१५ फेब्रुवारी

साहेबांच्या कचेरीत जाऊन खरं सांगून आलो. परवाना गेलाच, असं धरूनच गेलो होतो. ते खो खो हसले आणि परवाना हातात ठेवला! धावत बोळात आलो, मावशींच्या पाया पडायला वाकलो. "चपला काड आदी! आत्ताच धुतलंय!"

मग पेढा खाल्ला त्यांनी. दोन खाल्ले.

१ मार्च

शेजारच्या इमारतीचं काम मिळालं. मावशींना बोलावून घेतलं — आधी त्यांनी पाणी उडवायचं, मग मी खुणा करायच्या. विष्णुपंत म्हणाले, "काय राहीबाई, आता वायरमनच्या हाताखाली?"

त्यांनी बादली उचलली. "न्हाई वो पंत. त्योच माज्या हाताखाली हाय."